मामांचा उघडा मंडप

जगातली कुठलीही सुंदर गोष्ट चहा निवायच्या आत नासवून हवी असेल, तर ती माझ्या बायकोच्या मामांना नेऊन दाखवावी. पैठणी, सूर्यास्त, भैरवी, नव्या घराचं इंटिरियर, काहीही चालतं. मामा आधी चष्मा कपाळावर चढवतात, वस्तूकडे न बघता तुमच्याकडे बघतात आणि अत्यंत मायाळू आवाजात विचारतात, "हे तुला सुंदर का वाटतं, याचा कधी विचार केलायस?" इथे शहाणा माणूस घड्याळ बघून उठतो. मी कोलकात्यात नवा होतो तेव्हा "सुंदर आहे म्हणून" असं उत्तर द्यायचो. त्यावर मामांचा चेहरा, पेशंटने स्वतःहून दुखरी जागा दाखवल्यावर डॉक्टरचा उजळावा तसा उजळायचा. मग माझ्या आवडीनिवडी मुळात माझ्या नसून त्या माझ्यावर कोणी, कधी आणि कोणाच्या फायद्यासाठी लादल्या, याचं शवविच्छेदन जेवणाची पानं मांडली जाईपर्यंत चालायचं. बँकेने मला तीन वर्षांसाठी इकडे पाठवलं आणि नंतर बहुधा विसरून गेली. त्या सगळ्या काळात जवळजवळ दर रविवारी मी डमडमहून बागबाजारला मामांकडे जेवायला गेलो, आणि दर रविवारी आपली एकेक आवड तिथे सोडून परत आलो.

मामांचे आजोबा नोकरीच्या निमित्ताने कोलकात्यात आले आणि इथलेच झाले. मामा बागबाजारातच जन्मले, म्हणजे एके काळी मराठ्यांना शहराबाहेर ठेवण्यासाठी खणलेला खंदक जिथून सुरू व्हायचा तिथे. पाड्यातले लोक, म्हणजे त्यांच्या गल्लीतले आणि आसपासचे शेजारी, अजूनही त्यांना त्यावरून चिडवतात. "मास्टरमोशाय, खंदक तुमच्यासाठीच होता. तरी तुम्ही आलातच." मामा अशा वेळी हसत नाहीत. लुटारू फौजा आणि व्यापारी कंपन्या यांच्यात मूलभूत फरक नाही, एवढं सांगून ते पुढे जातात. कॉलेजात त्यांनी आयुष्यभर सौंदर्यशास्त्र शिकवलं, पण सौंदर्याच्या बाजूने नाही. मार्क्सवादी समीक्षेच्या बाजूने. समाजाचा पाया म्हणजे कोण राबतो आणि कोण खातो, आणि कला, धर्म, कायदा, नीती हा सगळा त्या पायावर चढवलेला इमला, हे त्यांचं मूळ सूत्र. आता कोलकात्यात मार्क्सवादी भेटणं हे कोल्हापुरात पैलवान भेटण्याइतकंच साधं आहे. पण मामा कुठल्याच तालमीत मावले नाहीत. लाल झेंडा सत्तेवर होता तेव्हा भिंतींवरच्या चित्रांत मजुराचे दंड असे फुगवून काढणं हे कलेच्या दृष्टीने प्रतिगामी आहे, असं त्यांनी भर सभेत सुनावलं आणि त्यानंतर त्यांना सभेला कोणी बोलावलं नाही. सत्ता गेली, भिंती पुसल्या गेल्या, काल घोषणा देणारे आज दुसऱ्याच रंगाचा गुलाल लावून फिरू लागले, तेव्हापासून मामा त्या फुगलेल्या दंडांची बाजू घेऊन भांडतात. जिंकणाऱ्याच्या बाजूने असणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

जावई ही संस्था सरंजामी असल्यामुळे मामांनी मला पहिल्याच भेटीत अरेतुरे केलं आणि कपबश्या आत नेऊन ठेवायला सांगितल्या. मामी मात्र मला आजही "जावईबापू" आणि "तुम्ही" म्हणतात आणि कपबश्या माझ्या हातातून काढून घेतात. मामी रोज सकाळी देवपूजा करतात. "धर्म हा इमला आहे," असं मामा पेपराच्या आडून म्हणतात. "असू दे की," मामी घंटा वाजवत म्हणतात, "इमल्यावर वारा छान येतो." लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे, असं माझी सासू सांगते. मामींच्या पुरणपोळीवर मामा पहिला घास घेतानाच बोलायला सुरुवात करतात. पुरण वाटण्यात गेलेले श्रम ताटात दिसत नाहीत, दिसतो तो फक्त गोडवा, आणि नेमकं हेच शोषणाचं स्वरूप आहे. एकदा माझ्या बायकोने विचारलं, "मामा, मग पुढच्या वेळी तुम्ही वाटता का पुरण?" मामा म्हणाले, "व्यक्तीच्या पातळीवरचे उपाय हा भ्रम असतो. व्यवस्था बदलायला हवी." आणि तूप वाढायला सांगितलं.

लहान मुलंसुद्धा यातून सुटत नाहीत. माझ्या मुलीने चित्र काढून मामाआजोबांना दाखवलं. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली घर, घराला कुंपण. एवढ्याशा पोरीच्या चित्रावर काय बोलणार, असं मला वाटलं. मामांनी विचारलं, "कुंपण कशाला काढलंस?" ती म्हणाली, "असतं म्हणून." मग खाजगी मालमत्तेचा उगम या विषयावर तिला समजेल अशा भाषेत, म्हणजे मला समजणार नाही अशा भाषेत, तिला सगळं सांगण्यात आलं. पुढच्या रविवारी तिने नवं चित्र आणलं. त्यात कुंपण नव्हतं आणि घरातल्या पलंगावर एक गाय बसली होती. "कुंपण नाही ना, म्हणून आली," असं तिने गंभीरपणे सांगितलं. मामांनी ते चित्र फ्रिजच्या दारावर लावलं, आणि कलेत विचारसरणी कशी झिरपते याचं उदाहरण म्हणून ते आल्यागेल्याला दाखवू लागले. एकदा महाराष्ट्र मंडळाच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात, काहीतरी काम द्यायचं म्हणून, त्यांना आभार मानायला सांगितलं. मामांनी खुर्च्या मांडणाऱ्याचे, माइकवाल्याचे, तबल्याचं कातडं कमावणाऱ्याचे, सभागृहाची फरशी बसवणाऱ्या अज्ञात गवंड्याचे, अशा सगळ्यांचे आभार मानले. पाहुणे अध्यक्ष तेवढे राहिले. चूक लक्षात आणून दिली तेव्हा मामा म्हणाले, "त्यांनी काय केलं?"

अशा माणसाने दुर्गापूजेचा मंडप उभारावा, हे कोणाच्या डोक्यात कसं आलं हे मला अजून कळत नाही. मामांच्या गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी म्हणजे खालच्या औषधाच्या दुकानाचे मालक. गोलमटोल, घामाघूम, कायम घाईत असलेले गृहस्थ. कोलकात्यात आता नुसती पूजा करून भागत नाही. मंडपाला थीम लागते, थीममागे संकल्पना लागते, आणि संकल्पना कोणाला कळली नाही तर बक्षीस मिळण्याची शक्यता वाढते. शेजारच्या गल्लीने आदल्या वर्षी रिकाम्या बाटल्यांतून समुद्र उभा करून बक्षीस नेलं होतं. सेक्रेटरीबाबू त्या दुःखातून सावरले नव्हते. एका रविवारी आम्ही जेवत असताना ते वर आले आणि दारातच हात जोडून उभे राहिले.

"मास्टरमोशाय, यंदा तुम्ही आम्हाला एक थीम द्या."

"मी नास्तिक आहे," मामा म्हणाले.

"देव तुम्ही मानायचा नाही. तो आम्ही मानू. तुम्ही फक्त थीम माना."

मला वाटलं, आता पुढचा तासभर या गरीब माणसाचं काही खरं नाही. पूजा म्हणजे भांडवलाचा जत्रोत्सव, हे प्रवचन मी दर शरद ऋतूत ऐकलेलं होतं. पण मामांनी भात कालवायचा थांबवला आणि खिडकीतून खाली बघितलं. समोरच्या मोकळ्या जागेत बांबू येऊन पडले होते. मामा हळूच म्हणाले, "ते बांबू झाकू नका."

मामांची कल्पना अशी होती. दर वर्षी बांबूचा सांगाडा उभारतात, त्यावर कापड, पुठ्ठा, थर्माकोल चढवून राजवाडा करतात, आणि लोक राजवाडा बघून जातात. ज्यांनी तो हातांनी बांधला त्यांचं नावनिशाण राहत नाही. भांडवलशाहीतली सगळी कला हेच करते. कष्ट लपवते आणि झगमगाट दाखवते. तेव्हा यंदा झाकायचंच नाही. बांबू, दोऱ्या, गाठी, खिळे, सगळं उघडं. छतसुद्धा नाही. प्रवेशद्वारावर जाहिराती नाहीत, तर मंडप बांधणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव. थीमचं नाव, कंकाल. "म्हणजे सांगाडा?" सेक्रेटरीबाबूंचा चेहरा पडला. "मास्टरमोशाय, आईचं घर आहे ते." बऱ्याच वाटाघाटींनंतर नाव 'श्रम' असं ठरलं, आणि मूर्तीपुरतं वर पारदर्शक प्लास्टिक बांधायचं ठरलं. मामांनी प्लास्टिकला परवानगी दिली ती ते पारदर्शक होतं म्हणून. त्यामागे काही लपत नव्हतं.

पुढचे दोन महिने मामा त्या मोकळ्या जागेतच होते. डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि बांबू बांधणाऱ्यांना ते त्यांच्या श्रमाचं ऐतिहासिक महत्त्व समजावून देत होते. ते लोकही बिडी ओढत ऐकून घ्यायचे. एवढा वेळ बसायला मिळण्याचा योग त्यांना इतर कुठल्या मंडपावर येत नसावा. नावांच्या फलकाचं काम मात्र फार लवकर हाताबाहेर गेलं. मंडप ठेकेदाराने आपल्या नावाखाली मोबाइल नंबर टाकायचा आग्रह धरला. त्याचं बघून विजेवाल्याने आपल्या नंबराखाली 'लग्न, मुंज, अन्नप्राशन' असं लिहून घेतलं. मूर्तिकाराने सांगितलं की त्याचं नाव ठेकेदाराच्या नावापेक्षा मोठं नसेल तर मूर्ती दुसऱ्या पाड्यात जाईल. शेवटी फलक उभा राहिला तेव्हा तो लग्नसमारंभाच्या सेवांच्या मोठ्या जाहिरातीसारखा दिसत होता. आणि खर्च भागेना म्हणून त्याच्या वर सेक्रेटरीबाबूंनी एका गंजीफ्रॉक कंपनीची कमान चढवली होती. कमानीवर एक पिळदार तरुण बनियन घालून दंड फुगवून उभा होता, आणि खाली लिहिलं होतं, 'श्रम'. मामा त्या दंडांकडे बराच वेळ बघत राहिले. मी शेजारी होतो. मी फलकावरचे मोबाइल नंबर वाचू लागलो.

षष्ठीला मंडप लोकांसाठी खुला झाला, आणि तोवर कोणाच्याही लक्षात न आलेली एक गोष्ट उघड झाली. लोकांना वाटलं, काम अर्धवट राहिलंय. नवे कपडे घालून आलेली कुटुंबं कमानीपाशी थांबायची, आत डोकावायची, उघडे बांबू बघून "अजून व्हायचाय वाटतं" म्हणायची आणि गेल्या वर्षीच्या बाटल्यांच्या समुद्रवाल्या गल्लीकडे निघून जायची. एका बाईने तर सेक्रेटरीबाबूंचं सांत्वन केलं, म्हणाली, "पैसे कमी पडले का हो? यंदा सगळीकडे असंच आहे." मामा प्रत्येकाला गाठून समजावत होते. हे अपुरं नाही, हेच पूर्ण आहे. लोक मान डोलवायचे, मामांसोबत एक सेल्फी काढायचे आणि निघायचे. सेक्रेटरीबाबू औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले होते. त्या माणसाने मामांना एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि मला वाटतं, तेच मामांना लागलं.

सप्तमीला आम्ही दुपारी मामांकडे जेवायला गेलो होतो. जेवणं उरकत होती तेवढ्यात आकाश काळं झालं आणि गंगेच्या बाजूने वारं आलं. मामा हात न धुताच गॅलरीत गेले. मूर्तीवरचं प्लास्टिक एका कोपऱ्यातून सुटून फडफडत होतं. मूर्ती कच्च्या मातीची, वरून रंग दिलेली. पाऊस पडला तर काय होईल हे सांगायला सौंदर्यशास्त्र लागत नव्हतं. मी वळून बघितलं तर मामा गॅलरीत नव्हते. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज येत होता आणि मागून मामी हाका मारत होत्या.

मी खाली पोचलो तोवर थेंब पडायला लागले होते. कुठून तरी निळी ताडपत्री आली. पाड्यातला प्रत्येक माणूस तिथे होता. सेक्रेटरीबाबू धोतर खोचून एक टोक ओढत होते, वाण्याच्या दुकानातले लोक दुसरं, बायका पदर भिजवत मूर्तीच्या पुढ्यातलं सामान उचलत होत्या. माझी बायको ढाक, म्हणजे पूजेचे मोठे ढोल, हलवायला मदत करत होती. आणि मामा शिडीवर होते. सत्तरी उलटलेला, आयुष्यभर कुठल्याही देवासमोर हात न जोडलेला माणूस, शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून देवीच्या डोक्यावर दोन्ही हातांनी ताडपत्री ताणून धरत होता आणि बंगालीत ओरडत होता, "गाठ मारा, आधी गाठ मारा." त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. चष्मा कुठे गेला होता कुणास ठाऊक. गाठ बसली. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि उतरताना ओल्या पायरीवरून मामांचा पाय सरकला.

पडताना त्यांनी कसलाच आवाज केला नाही. आम्ही उचलायला गेलो तर त्यांना उजवा पाय हलवता येईना. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "मूर्ती भिजली का रे?"

"नाही भिजली, मामा."

मग माझ्या मागे मामी उभ्या आहेत हे त्यांना दिसलं असावं. "म्हणजे, मातीचं काम आहे," ते म्हणाले. "कोणाचे तरी महिने गेलेत त्यात."

"हो हो," मामी म्हणाल्या आणि पदराने त्यांचा चेहरा पुसला. "आता गप्प राहा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. पूजेच्या दिवसांत कोलकात्याच्या गर्दीतून गाडी काढणं ही काय गोष्ट असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पाड्यातल्या पोरांनी गाडीपुढे धावत धावत रस्ता मोकळा केला. अष्टमीला ऑपरेशन झालं. ज्या लोकांना मामांनी वर्षानुवर्षं रस्त्यात अडवून अडवून त्यांचे नवे फ्लॅट, त्यांच्या मुलांची शाळा, त्यांच्या घरातलं फर्निचर यांतली खोटी जाणीव दाखवून दिली होती, ते सगळे पाळीपाळीने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होते. मामींना एकटं जेवू दिलं नाही कोणी.

इकडे मंडपाची वेगळीच गंमत झाली. ती निळी ताडपत्री तशीच राहिली, कारण पाऊस थांबून थांबून पडत होता. नवमीला परीक्षक आले. उघडे बांबू, त्यावर ओढूनताणून, वेड्यावाकड्या गाठी मारून बांधलेली निळी ताडपत्री आणि तिच्याखाली देवी, हे बघून परीक्षक स्तब्ध झाले. त्यांतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सेक्रेटरीबाबू शपथेवर सांगतात. बेघरांचं आकाश, विस्थापित आई, छप्पर नसलेल्या माणसांचं छप्पर, असं बरंच काही त्यांना त्या ताडपत्रीत दिसलं. संकल्पनेचं पहिलं बक्षीस आमच्या गल्लीला मिळालं. दशमीला विसर्जनाच्या आधी एवढी गर्दी झाली की पोलिसांनी दोर लावले.

सेक्रेटरीबाबू चकचकीत करंडक घेऊन हॉस्पिटलात आले. मी मामांच्या उशाशी बसलो होतो आणि मनातून तयारीत होतो. मामांच्या अख्ख्या आयुष्याच्या विचाराचा त्या बक्षिसाने चोथा केला होता. त्यांनी जे मांडलं ते कोणी पाहिलं नाही, आणि जे अपघाताने घडलं त्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजार बंडालाही कसं गिळून टाकतो यावर मामा नर्स आम्हाला बाहेर काढेपर्यंत बोलतील, अशी माझी खात्री होती. मामांनी करंडकाकडे बघितलं. "छान आहे," ते म्हणाले. "ठेवा तिथे."

घरी आल्यावरही हे असंच राहिलं. मामा सगळ्यांशी गोड वागू लागले. सुरुवातीला सगळ्यांना बरं वाटलं. माझ्या बायकोने नवी साडी दाखवली, मामा म्हणाले, शोभून दिसते. मुलीने कुंपणासकट घर काढलं, मामा म्हणाले, वा. मी घरी जाताना पहिल्यांदा माझ्या सगळ्या आवडीनिवडी शाबूत घेऊन परतलो. थंडी पडली. मग एका शुक्रवारी ऑफिसात मामींचा फोन आला.

"जावईबापू, या रविवारी जरा लवकर येता का?"

"काय झालं मामी?"

"काही झालं नाही, तेच तर. गेल्या महिन्यात पुरणपोळी केली. दोन खाल्ल्या आणि उठले. एक अक्षर बोलले नाहीत." मामींचा आवाज बारीक झाला. "सकाळी पूजेला बसते, घंटा वाजवते, मुद्दाम मोठ्याने वाजवते. पेपर तसाच समोर धरून बसतात. डॉक्टर म्हणतात, हाड चांगलं भरलंय. मला तसं काही दिसत नाही. तुम्ही येऊन थोडं भांडा त्यांच्याशी. मला नाही जमत, मला त्यांचे ते शब्द येत नाहीत."

रविवारी मी गेलो तेव्हा मामा गॅलरीत उन्हात बसले होते. अंगावर शाल, डोक्याला कानटोपी, शेजारी वॉकर. समोरची मोकळी जागा रिकामी होती, जमिनीत बांबूंचे खड्डे तेवढे राहिले होते. मी भांडायला आलो होतो, पण भांडण काढायचं कसं ते मला माहीत नव्हतं. आजवर ते काम त्यांनीच केलं होतं. मी एका दूरदर्शन मालिकेचं कौतुक केलं. "असेल," मामा म्हणाले. मी मोबाइलवर एका नव्या मॉलचा फोटो दाखवला. त्याच्या दर्शनी भिंतीवर गावाकडची शेणाने सारवलेली झोपडी रंगवली होती. असल्या चित्रावर पूर्वीच्या मामांनी दोन रविवार काढले असते. "रंग चांगले आहेत," मामा म्हणाले आणि मोबाइल परत दिला. आतल्या दारात मामी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मानेनेच आणखी बोला अशी खूण केली.

मग मी मनाचा हिय्या केला.

"मामा, मला वाटतं, कलेचा आणि समाजाचा काही संबंध नसतो. आवडलं ते चांगलं. कोणी केलं, कोणाच्या पैशाने केलं, काय फरक पडतो? तुमच्या मंडपाचंच घ्या. लोकांना आवडला, बक्षीस मिळालं. आता त्याचा अर्थ काय होता हे कोणाला हवंय?"

 खालून केळीवाला ओरडत गेला. मला वाटलं, मी फार बोललो.

"बक्षीस कशाला मिळालं?" मामांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"ताडपत्रीला."

"ती कोणी बांधली?"

"पाड्यातल्या लोकांनी. सगळ्यांनी मिळून."

"विकायला बांधली?"

"नाही."

"दाखवायला बांधली?"

"नाही मामा. पाऊस आला म्हणून बांधली."

मामांनी कानटोपी काढली. पांढरे केस विस्कटलेले होते. "खुर्ची इकडे ओढ," ते म्हणाले. मी ओढली. "त्या दुपारी तिथे कोणी बघणारा नव्हता. सगळे करणारे होते. औषधवाला, वाणी, तुझी बायको. कोणाचं नाव कुठे लिहायचं हे कोणी विचारलं नाही. मी दोन महिने बांबू उघडे टाकून जे सांगत होतो ना, ते मला स्वतःला शिडीवर कळलं. आणि ते परीक्षक म्हणतात, विस्थापितांचं आकाश." मामांनी तुच्छतेने हात झटकला. कितीतरी दिवसांनी तो हात तसा झटकला गेला होता. "अरे, ती गाठ होती. साधी गाठ. पण एरवी काय होतं? माणूस वर्षभर स्वतःच्या हातांनी वस्तू घडवतो आणि ती त्याची राहत नाही. मंडप बांधणारा पूजेच्या दिवशी नवा सदरा घालून त्याच मंडपात येतो आणि रांगेत उभा राहतो, परक्यासारखा. आपलं काम आपल्याला ओळख देत नाही. याला... याला एक..."

मामा थांबले. त्यांची बोटं शालीच्या काठावर फिरू लागली. हा शब्द त्यांनी कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवला होता, त्यावर परीक्षांचे पेपर काढले होते, त्यावरून मित्र तोडले होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत शोधण्यापेक्षा घाबरणं जास्त होतं.

"परात्मता," मी म्हणालो.

"हां. परात्मता." त्यांनी श्वास सोडला. मग भुवया आवळून माझ्याकडे नीट बघितलं. "तुला माहीत आहे?"

"इतकी वर्षं ऐकतोय, मामा."

"मग मघाशी असं गाढवासारखं का बोललास?"

मी दाराकडे बघितलं. दारातल्या मामी आत वळल्या. मामा वॉकरवर हात ठेवून पुढे झुकले आणि बोलू लागले. ऊन हळूहळू गॅलरीतून उतरून खालच्या मोकळ्या जागेवर गेलं. मधे दोनदा ते पुन्हा एखाद्या शब्दापाशी अडखळले, आणि दोन्ही वेळा मी तो हळूच त्यांच्या पुढे ठेवला.